पसाऱ्याची बखर

आमच्या घरातल्या इतिहाससंशोधनाला एका रविवारी सकाळी नऊच्या सुमारास प्रारंभ झाला. मी चहाचा दुसरा कप मागायला स्वयंपाकघरात गेलो, तर फ्रिजच्या दारावर एक कागद लावलेला. मथळा होता : 'घर नीटनेटकं ठेवण्याच्या रोजच्या सात सोप्या सवयी'. सुनेनं पाठवलेली ही यादी आमच्या सौ.नं स्वतःच्या वळणदार अक्षरात उतरवून घेतली होती. उठल्याबरोबर अंथरूण आवरणे. वापरलेली कपबशी तिथल्या तिथे विसळणे. आलेले कागद उभ्या उभ्या निकालात काढणे. चपला जागेवर काढणे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत रिकाम्या हाताने न जाणे. रात्री ओटा पुसल्याशिवाय न झोपणे. आणि सातवी सवय : झोपण्यापूर्वी सर्वांनी मिळून दहा मिनिटं आवराआवर करणे.

यातल्या 'सर्वांनी' या शब्दाखाली दोन रेघा होत्या. मुलगा-सून पुण्याला, आम्ही ठाण्याला, म्हणजे आमच्या घरात 'सर्व' म्हणजे दोघं. त्यातली एक व्यक्ती हे सगळं गेली चाळीसहून अधिक वर्षं करतेच आहे. तेव्हा त्या दोन रेघा कोणासाठी होत्या हे ओळखायला मोडी वाचता येण्याची गरज नव्हती.

मी पाचव्या सवयीपासून सुरुवात केली. दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात जाताना पाण्याचा तांब्या नेला. परतताना रिकाम्या हातानं येऊ नये म्हणून तोच परत आणला. असं तीनदा झाल्यावर सौ. म्हणाली, "अहो, त्यापेक्षा तुम्ही माळा आवरा. तिथे एकदा चढलात की तुम्हाला दुसऱ्या खोलीत जायलाच नको."

माळ्यावर बसलेल्या माणसाला दोनच गोष्टी करता येतात : शिंकणं आणि विचार करणं. आधी मी मनसोक्त शिंकलो. मग विचार करू लागलो. भोवती वडिलांच्या फायली, दिवाळी अंकांचे गठ्ठे, किल्ली हरवलेलं पितळी कुलूप, पेटी केव्हाच विकली तरी जपून ठेवलेली पेटीची खोळ आणि १९६४ सालचं एक कॅलेंडर. माझ्या मनात आलं, की आपण जिला अडगळ म्हणतो तिलाच विद्वान लोक 'साधनसामग्री' म्हणतात. फरक फक्त उत्खननाला कोण बसलं आहे एवढाच.

हा विनोद नाही. मोहेंजोदडोचंच बघा. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या गावात घरोघर विटांची न्हाणीघरं होती, रस्त्याकडेनं झाकलेली गटारं होती, आणि काही घरांच्या भिंतींत तर केर बाहेर टाकायची घसरण होती. आतून केर लोटला की तो बाहेरच्या विटांच्या कचराकुंडीत. १९२२ साली राखालदास बॅनर्जींनी तिथे खणायला सुरुवात केली आणि १९२४ साली जॉन मार्शल यांनी या संस्कृतीची वार्ता जगाला दिली. त्या लोकांची लिपी आजवर कोणाला वाचता आलेली नाही. त्यांचा राजा कोण, त्यांना राजा होता की नव्हता, तेही ठाऊक नाही. पण केर कुठून टाकत होते ते विटेविटेनं ठाऊक आहे. मला तर त्या घसरणीपाशी उभी राहून नवऱ्याला "अहो, त्यातच टाका, बाहेर नको" म्हणून बजावणारी बाई स्पष्ट दिसते. लिपी वाचता आली नाही तरी हे वाक्य कळतं.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. इजिप्तमधल्या एका उकिरड्याला मात्र हजार-दीड हजार वर्षं थांबावं लागलं. १८९६-९७ च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट हे दोन इंग्रज ऑक्सिरिंकस नावाच्या प्राचीन गावाच्या वेशीबाहेरचे कचऱ्याचे ढीग उकरायला बसले. पाऊस जवळजवळ नसल्यामुळे त्या ढिगांतले पपायरसचे कागद शाबूत राहिले होते. किती? लाखो तुकडे. त्यांत कराच्या पावत्या, घरगुती पत्रं, हिशेब, आणि मधूनच सॅफोसारख्या कवयित्रीच्या हरवलेल्या ओळी. म्हणजे तिथल्या कोणा गृहिणीनं 'आलेले कागद उभ्या उभ्या निकालात' काढले आणि वेशीबाहेर फेकले, म्हणून ते आज ग्रंथालयात आहेत. नवऱ्यानं 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून घरात ठेवले असते, तर घराबरोबर तेही गेले असते. हा पुरावा माझ्या बाजूचा नाही हे लक्षात येताच मी तो विषय तिथेच थांबवला आणि आमच्या आजीच्या घराकडे वळलो.

आजीचं घर कोकणात. पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागे परसू. आज त्या घराचा विचार करताना जाणवतं, की त्यात 'फर्निचर' म्हणण्यासारखं जवळजवळ काही नव्हतं, आणि तरीही प्रत्येक वस्तूला जागा होती. जागा भिंतीतच होती. दिव्याला कोनाडा, डब्यांना फडताळ, पगडीला, पंचाला आणि पुढे आजोबांच्या छत्रीला खुंटी, धुतलेल्या लुगड्यांना दांडी, दह्यादुधाला शिंकं, धान्याला मडक्यांची उतरंड. जमिनीवर काही ठेवायचंच नाही, कारण जमीन रोजच्या रोज झाडायची आणि चार-आठ दिवसांनी शेणानं सारवायची. सारवलेली जमीन धूळ धरून ठेवते, पण तिच्यावर ट्रंका-पेट्या मांडून बसलात तर सारवणार कुठे? म्हणून सगळा संसार भिंतीला टांगलेला. घर आवरणं सोपं व्हावं म्हणून जगात पुढे जे जे शोध लागले, त्यातला निम्मा भाग आजीच्या घरी सुतारानं ठोकलेल्या खुंटीत होता.

पहाटे सडा, मग रांगोळी, मग केर. केरसुणी शिंदीच्या पात्यांची, आतल्या घरासाठी. खराटा माडाच्या हिरांचा, अंगणासाठी. दोघींनी एकमेकींच्या हद्दीत जायचं नाही. केरसुणीला पाय लावायचा नाही, कारण ती लक्ष्मी. दिवेलागण झाल्यावर केर काढायचा नाही, कारण लक्ष्मी बाहेर जाते. मी शाळेत विज्ञान शिकू लागल्यावर आजीला अडवलं होतं, "लक्ष्मी कशी बाहेर जाईल गं?" आजी म्हणाली, "तुझ्या मावशीच्या नाकातली मोरणी गेली होती तशी. काळोखात केराबरोबर." मी गप्प बसलो. विज्ञान तेव्हा वाती आणि काजळीच्या उजेडात झाडत असे, आणि मोरणी सोन्याची असे, एवढं माझ्या पुस्तकात नव्हतं.

वर्षातून एकदा मोठी आवराआवर. आपली दिवाळीच्या आधी, इराणी लोकांची नवरोजच्या आधी. तिला ते 'घर झटकणं' अशाच अर्थाचं नाव देतात. जपानात एदोच्या काळात बाराव्या महिन्याची तेरा तारीख काजळी झाडण्यासाठी ठरलेली असे. शोगनच्या वाड्यापासून वाण्याच्या दुकानापर्यंत सगळं गाव एकाच दिवशी झाडत सुटे आणि काम संपलं की कोणाला तरी उचलून हवेत उडवण्याचीही चाल होती. मी हे सौ.ला माळ्यावरून ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "आधी काम संपवा, मग उडवते."

आता जरा गंभीर गोष्ट. आजीचं घर आरशासारखं असे, पण घराबाहेरची घाण उचलायला येणारी माणसं परसदारानं येत आणि परसदारानं जात. त्यांना ओटीवर जागा नव्हती. ज्यांनी गाव स्वच्छ ठेवलं त्यांनाच गावानं अस्वच्छ म्हटलं, आणि ज्या कामाला आपण अभिमानानं 'आमचं घर किती स्वच्छ' म्हणत होतो त्यातलं शेवटचं, सगळ्यात अवघड काम आपण दुसऱ्याच्या डोक्यावर दिलं होतं, तेही अक्षरशः. मानवी हातांनी मैला उचलायला लावणं हा गुन्हा ठरवणारा कायदा आपल्याकडे १९९३ साली झाला आणि तो पुरला नाही म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. या पार्श्वभूमीवर गाडगेबाबांची गोष्ट वेगळीच वाटते. हा माणूस गावात शिरला की आधी कोणाला रामराम न करता रस्ता झाडायला लागे, आणि रात्री कीर्तनात लोकांच्या डोक्यातला केर काढी. त्यांचा जन्म १८७६ चा. त्याच वर्षी अमेरिकेत मेलव्हिल बिसेल नावाच्या दुकानदारानं गालिचा झाडायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. दोघांनीही झाडण्याचाच ध्यास घेतला. एकाचा कारखाना झाला. दुसऱ्याच्या हातात अखेरपर्यंत खराटाच राहिला, आणि २०००-०१ साली महाराष्ट्र सरकारला ग्रामस्वच्छतेचं अभियान सुरू करायचं झालं तेव्हा नाव त्यांचंच घ्यावं लागलं.

१८९६ च्या हिवाळ्यात इजिप्तमध्ये उकिरडा उकरला जात होता म्हणालो, तेव्हाच मुंबईत उलटा प्रकार चालला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि सरकारला एकदम रयतेच्या घरातला पसारा दिसू लागला. गटारांत समुद्राचं पाणी आणि कार्बोलिक सोडण्यात आलं, भिंतींना चुना फासला, उजेड यावा म्हणून छपरावरची कौलं उतरवली. लाखो लोक शहर सोडून गेले. पुण्यात सोल्जर घराघरात शिरून तपासणी करू लागले. पुढचा रँडचा इतिहास मराठी माणसाला सांगायला नको. पण त्या इतिहासाचं एक टोक स्वयंपाकघरात आहे हे आपण विसरतो. घर आवरणं ही ज्या बाईची स्वतःची सत्ता, तिथे बूट घालून परका माणूस शिरला आणि तिची उतरंड अंगणात मांडू लागला. गंमत म्हणजे प्लेगचा खरा वाटाड्या उंदरावरची पिसू आहे, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिलं. तोवर सगळा राग गटारावर आणि उतरंडीवर निघाला.

प्लेगच्याच धसक्यानं १८९८ साली मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला आणि चाळींवर चाळी उठल्या. पुढे १९२० च्या दशकात बी. डी. डी. नावाच्या सरकारी खात्यानं वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी मिळून २०७ चाळी बांधल्या, तेव्हा एका खोलीचं माप ठरलं १६० चौरस फूट. म्हणजे आजच्या जाहिरातीतल्या 'मास्टर बेडरूम'ला जोडलेल्या कपड्यांच्या खोलीएवढं. त्यात एक अख्खं कुटुंब, आणि गावाहून कोणी आलं तर ते धरून.

आमची गिरगावातली खोली त्याहून थोडी मोठी होती. माणसं मात्र सात होती. आता ती फ्रिजवरची यादी पुन्हा वाचा.

उठल्याबरोबर अंथरूण आवरणे. आमच्याकडे साडेपाचला सगळ्या वळकट्या बांधून भिंतीशी लागायच्या, कारण त्याशिवाय आईला स्टोव्हपर्यंत पोचायला जमीनच नव्हती. तो अंगठ्याच्या नेमानं उठलेल्याला दुलई ओढत राहण्याची मुभा नव्हती, कारण दुलईच्या पलीकडे चहा होता. कपबशी तिथल्या तिथे विसळणे : कप पाच, माणसं सात. आलेले कागद निकालात काढणे : दाराशेजारी खिळ्याला एक तार टांगली होती. बिल आलं की भरायचं आणि पावती तारेत टोचायची. चपला जागेवर : आमच्या चपला गॅलरीत, शेजाऱ्यांच्याही गॅलरीत. जागा चुकली तर ती चपल संध्याकाळपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या कोणाच्या तरी पायात जाई. रिकाम्या हाताने न जाणे : गॅलरीच्या टोकाच्या नळाकडे बादली न घेता गेलेला मुलगा आमच्या चाळीत वेडा समजला जाई. ओटा पुसल्याशिवाय न झोपणे : ओट्याला लागूनच माझी उशी. आणि सातवी, सर्वांनी मिळून आवराआवर : जेवणाची जमीन झोपायची व्हायला हवी असेल तर दुसरा इलाजच नव्हता. आई म्हणायची, "ताटं उचला, मग पोरं पसरा."

सातही सवयी आमच्याकडे होत्या. यादी तेवढी नव्हती. यादी लावायला भिंत रिकामी कुठे होती?

आणि या सातांचं यंत्र चालवायला एक बाई होती. वडील म्हणत, "आपल्या घरात शिस्त आहे." वडिलांच्या मते ती हवेतून येत असावी, जशी खोलीत ऊन येतं. ते सकाळी खुंटीवर हात टाकत आणि टोपी तिथे असे. मी जन्मात कधी त्यांना टोपी खुंटीला अडकवताना पाहिलं नाही.

तिकडे पाश्चात्त्य देशांत मात्र या विषयावर केवढा विचार चालला होता! अमेरिकेत ख्रिस्टीन फ्रेडरिक नावाच्या बाईंनी कारखान्यातली कार्यक्षमतेची शास्त्रं ऐकली आणि ती घरात आणली. १९१२ साली त्यांनी मासिकात लेखमाला लिहिली, १९१३ साली पुस्तक आलं. नुसती भांडी धुताना आपण ऐंशी चुकीच्या हालचाली करत होतो असं त्यांना आढळलं. मी हे वाचल्यावर सौ. भांडी विसळत असताना तिच्यामागे उभा राहून मोजायला लागलो. एकोणीसपर्यंत मोजलं. विसाव्या हालचालीत माझ्या हातात पुसायचं फडकं आलं.

फ्रेडरिकबाईंचं पुस्तक वाचून व्हिएन्नाची एक तरुण वास्तुशिल्पी, मार्गारेटं श्युटं-लिहोट्स्की, पेटून उठली. १९२६ साली फ्रँकफर्टच्या नगरपालिकेसाठी तिनं कामगारांच्या घरांतलं स्वयंपाकघर आखलं. आगगाडीच्या डायनिंग कारमधला आचारी एवढ्याशा जागेत शंभर माणसांना जेवायला घालतो, हे तिच्या डोळ्यांसमोर होतं. रुंदी १.९ मीटर, लांबी ३.४ मीटर. बसल्या जागी हात पोचेल असा ओटा, साखर-तांदळाची नावं लिहिलेले अॅल्युमिनियमचे ओढखण, पिठाला कीड लागू नये म्हणून ओकच्या लाकडाचा खण. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आज आपल्या फ्लॅटमध्ये ज्याला मॉड्युलर किचन म्हणतात आणि ज्याच्या हप्त्यात माणसाची पाच वर्षं जातात, ते याच घराण्यातलं. या बाई १०२ वर्षं जगल्या, आणि त्यांनीच पुढे सांगून टाकलं, की ते स्वयंपाकघर आखण्यापूर्वी आपण स्वतः कधी स्वयंपाक केला नव्हता.

आमची आई पाटावर बसून स्वयंपाक करी. तिच्या उजव्या हाताला मिसळणाचा डबा, डाव्या हाताला पाण्याची कळशी, मागे मांडणीवर पितळेचे डबे. डब्यांवर नावं नव्हती. डबा हलवला की आवाजावरून तिला कळे, तूरडाळ किती दिवस पुरेल ते. तिनं एका जागी बसून किती पावलं वाचवली याचा हिशेब फ्रँकफर्टला कोणी पाठवला नाही.

मग यंत्रं आली. ह्युबर्ट बूथ या इंग्रजानं १९०१ साली धूळ ओढणारं यंत्र काढलं, ते एवढं थोरलं की घोडागाडीवरून दाराशी यायचं, आणि खिडकीतून आत नळ्या सोडून गालिचे साफ करायचं. प्रतिष्ठित बायका ते पाहायला मैत्रिणींना चहाला बोलवत. १९०२ साली राज्याभिषेकाच्या वेळी वेस्टमिन्स्टर अॅबेतले गालिचे याच यंत्रानं साफ केले. पण घरात शिरेल असं यंत्र केलं ते अमेरिकेतल्या कँटन गावच्या एका दुकानात झाडलोट करणाऱ्या जेम्स स्पँग्लर या दमेकरी माणसानं, १९०७ च्या सुमारास. पंख्याची मोटर, उशीचा अभ्रा आणि झाडूचा दांडा. धुळीनं जीव कासावीस व्हायचा म्हणून त्यानं शोध लावला. हा माझ्या मते या सबंध इतिहासातला सर्वात प्रामाणिक शोध आहे, कारण तो झाडणाऱ्यानं लावलेला आहे. स्पँग्लरनं हक्क विकले ते हूवर नावाच्या गृहस्थांना, आणि नाव हूवरांचं झालं.

आमच्याकडे १९८० च्या दशकात असंच एक यंत्र आलं. टाय लावलेला एक तरुण दारी आला, त्यानं आमच्या सतरंजीवर स्वतःच्या पिशवीतली माती ओतली आणि ती यंत्रानं ओढून दाखवली. आम्ही भारावून गेलो. पुढे ते यंत्र बाहेर काढायला दहा मिनिटं, नळ्या जोडायला दहा, पिशवी साफ करायला वीस, आणि पिशवी साफ करताना उडालेली धूळ केरसुणीनं काढायला पाच, असा हिशेब झाला. सध्या ते माळ्यावर माझ्या डाव्या गुडघ्याशी आहे. त्याच्यावर धूळ आहे.

यात आमचाच दोष नाही. जोअॅन व्हॅनेक या बाईंनी १९७४ साली अमेरिकेतला हिशेब मांडला. घरीच असणारी गृहिणी १९२४ च्या सुमारास घरकामाला आठवड्याला ५२ तास देत होती. धुलाईयंत्र, फ्रिज, धूळ ओढणारं यंत्र असं सगळं घरात येऊन स्थिरावल्यावर, १९६० च्या दशकात? ५५ तास. यंत्रानं काम सोपं केलं आणि 'आता यंत्र आहेच' म्हणून काम वाढवलं. महिन्यानं धुतली जाणारी चादर आठवड्यानं धुतली जाऊ लागली. आपल्याकडचा आकडा हवा असेल तर २०१९ च्या सरकारी पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईची त्यात रोज २९९ मिनिटं जात होती. पुरुषांतले शंभरात सव्वीसच जण घरकामाला हात लावत होते, आणि जे लावत होते त्यांची ९७ मिनिटं जात होती. मी स्वतःला कोणत्या गटात घालायचं याचा विचार केला. तांब्या तीनदा नेला-आणला ते धरलं तर मी सव्विसांत आहे.

पसारा आवरण्याचं शास्त्र अलीकडे पुन्हा जोरात आहे. जपानच्या मारी कोंडो या बाईंचं पुस्तक २०१० च्या दशकात जगभर खपलं. वस्तू हातात घ्यायची, आनंद झाला तर ठेवायची, नाही तर तिचे आभार मानून निरोप द्यायचा. सौ.नं हे वाचल्यापासून ती माझ्याकडे मधूनच टक लावून बघते. मी सावध असतो. पण २०२३ च्या जानेवारीत याच बाईंनी कबूल केलं, की तिसरं मूल झाल्यापासून घर नीट ठेवण्याचा हट्ट आपण जवळजवळ सोडला आहे, आता वेळ मुलांना. ही बातमी वाचल्यावर मला त्यांच्याविषयी प्रथमच खरा आदर वाटला. सौ.नं बातमी वाचली आणि म्हणाली, "बिचारी! तिच्या सासूबाई मदतीला नसतील."

हे सगळं माळ्यावर बसून आठवताना दुपार झाली होती. वडिलांचा ढीग उजवीकडे चांगला कमरेएवढा झाला होता. फायली, पावत्या, टाक, दौत, संस्थेच्या सभांची इतिवृत्तं. उद्या कोणाला आमच्या वडिलांचं चरित्र लिहायचं ठरलं तर साधनसामग्री तयार आहे. मग माझ्या लक्षात आलं, की आईचा ढीग नाही. तीस वर्षं त्या एका खोलीत वावरलेल्या, नंतर आमच्याबरोबर इथे राहिलेल्या बाईचं माळ्यावर काहीच नव्हतं. पत्र नाही, वही नाही. पसारा करणाऱ्याचा इतिहास उरतो. आवरणाऱ्यानं तर पुरावा पुसण्याचंच काम रोज केलेलं असतं. सकाळचं काम दुपारपर्यंत दिसेनासं होतं, आणि नीट झालं असेल तर ते झालं होतं हेही कोणाला कळत नाही.

अगदी कोपऱ्यात, ट्रंकेच्या मागे, बिस्किटांचा एक गंजका डबा सापडला. उघडला. आत दोऱ्याचं मुठीएवढं गुंडाळं. पांढरा, पिवळा, मधूनच लाल. वाण्याच्या पुड्यांना बांधून येई तो दोरा. आई पुडा सोडताना कधी दोरा तोडत नसे. गाठ नखानं सोडवायची, दोरा हाताला गुंडाळायचा, टोकाला टोक बांधून गुंडाळ्यात घालायचा. पुड्याचा कागदही घडी करून फळीवर. वर्षानुवर्षांच्या साखरेचे, रव्याचे, सणासुदीच्या बेदाण्याचे दोरे एकमेकांना गाठी मारलेले. गाठी इतक्या बारीक की बोटाला लागतात, डोळ्याला दिसत नाहीत.

मी खाली उतरलो. सौ.नं हातातल्या डब्याकडे पाहिलं. "हे टाकायचं ना?" असं ती विचारील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं विचारलं नाही. गुंडाळं हातात घेतलं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली, "मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. दोरा ओढायचा नाही, गाठीला विचारायचं." मग तिनं ते डब्यात परत ठेवलं आणि डबा कपाटात, आमच्या पासबुकांच्या शेजारी.

त्या रात्री दहा मिनिटांची आवराआवर मी केली. चपला लावल्या. ओटा पुसला. कपबशी विसळली आणि पालथी घातली. कप पालथा घालताना त्याचा कान उजवीकडे येईल असा फिरवला, आणि मग माझाच हात थांबला. आमच्या कपांचे कान उजवीकडे असत. हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झालेल्या कामांवर खूण करावी म्हणून मी पेन घेऊन फ्रिजपाशी गेलो. दारावर यादी नव्हती. मी म्हटलं, "अगं, ती सात सवयींची यादी कुठे गेली?"

"काढून ठेवली," सौ. म्हणाली. "फ्रिजवर कागद लावला की पसारा दिसतो."

"कुठे ठेवलीस?"

तिनं जरा आठवून पाहिलं. "जागेवर ठेवली आहे," ती म्हणाली, "पण कुठल्या, ते आता तुम्ही इतिहासकार शोधून काढा."